परसातली छोटी लाईन

सकाळचे सहा वाजले की आमचा बा ड्यूटीवर निघायचा. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, डोक्याला उपरणं, हातात काहीतरी लोखंडी. कधी पान्हा, कधी उलथनं, एकदा तर माझ्या बायकोच्या खलबत्त्यातला बत्ता. निघायला माझी ना नव्हती हो. पण रेल्वेनं त्याला घरी बसवून वीस-बावीस वर्षं झाली होती, आन् ज्या छोट्या लाईनीवर त्याचा जल्म गेला ती उपटून तिथं कवाचीच मोठी लाईन टाकलेली. हे त्याला सांगायचं कोणी? सांगितलं की तो ऐकायचा, मान हलवायचा, आन् चपला घालायला लागायचा.

बा आधी गँगमन होता, मग मुकादम झाला. गँग म्हणजे रूळ नीट ठेवणारी दहा-बारा माणसं आन् मुकादम म्हणजे त्यांचा म्होरक्या. आपल्या वाट्याचे रूळ रोज पायी तपासायचे, ढिल्या झालेल्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या, रूळ खाली बसला असेल तर त्याच्याखाली गिट्टी भरायची. त्या वाट्याला ते 'बीट' म्हणत. आमचं घर पिंगळीला, रुळापासून दोन शेतं सोडून. म्हणजे बाच्या डोक्यातली ड्यूटी आन् खरी गाडी यांच्यामधे दोनच शेतं.

रेल्वे फाटकावरचा माणूस भला. तीनदा त्यानं बाला हाताला धरून सावलीत बसवलं आन् मला फोन केला. चौथ्यांदा फोन आला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता.

"मास्तर, म्हातारा रुळाच्या मधी उकिडवा बसला व्हता. एक डोळा झाकून रूळ पाहायला व्हता. मागून गाडी यायली, भोंगा वाजायला, आन् ह्यो उठंना. मी पळत जाऊन वढला."

मी झरीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला मास्तर. मला राग लवकर येतो. पोरं माघारी मला 'तवा' म्हणायची, आन् पोरांचं काही चुकत नव्हतं. त्या दिवशी बाला घरी आणलं आन् ओसरीतच ओरडलो, "मरायचंय का तुला? का आमाला मारायचंय?" बा भिंतीला टेकला. माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बायकोच्या आड सरकून तिला हळूच म्हणाला, "हे कोन साहेब हायेत, माय? लय खेकसायलेत."

बापानं आपल्याला ओळखू नये हे एक वेळ सोसता येतं. त्यानं आपल्याला भ्यावं हे नाही सोसत. मी मागच्या दारी जाऊन हातपंपावर तोंड धूत राहिलो, लय वेळ.

परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, हे आता वाढतच जाणार, दार बंद ठेवा. ठेवलं. बानं घराच्या फाटकाचे गज हलवून हलवून हाताची सालपटं काढली. "गँग वाट पाहायली. माझी हाजिरी जाईल." दोन दिवस घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बायको त्याच्या हाताला हळद लावता लावता माझ्यावरच करवादली. "मामाला लाईनीवर जाऊ द्यायचं न्हाई ना? मंग लाईनच घरी आना की! निस्तं कुलूप लावून माणूस थांबत असतो व्हय?"

ती रागानं बोलली, पण माझ्या डोक्यात ते बसलं.

आता खरं सांगायचं तर त्यात माझाही एक जुना नाद होता. लहानपणी बा कामावर निघाला की माझा जीव त्याच्या मागं मागं जायचा. त्याचा हातोडा खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर रुळारुळानं चालावं, दुपारी लिंबाखाली त्याच्या फडक्यातली भाकर खावी, एवढंच मागणं. चौथीत असताना एकदा गुपचूप मागं गेलो आन् हातोडा उचलला. बानं सगळ्या गँगसमोर अशी मुस्कटात ठेवून दिली की कान दिवसभर वाजत होता. "ह्येला हात लावायचा न्हाई. तू पेन धर." त्याचा बाप पेडगावात गावकी करायचा, मेलेली ढोरं ओढायचा. आमी बौद्ध झालो, ती गावकी सुटली, बा रेल्वेत लागला, आन् पुढची पायरी मी चढायची हे त्यानं ठरवून टाकलं होतं. मी चढलो. शाळेत पहिला आलो, मास्तर झालो, घर बांधलं. दरवेळी तो "बरं" म्हणायचा. शाब्बास कधी नाही. आन् त्याच्याबरोबर रुळावरून चालणं माझं राहूनच गेलं.

तर मी कामाला लागलो. मोबाईलवर पाहिलं, परदेशातली हौशी माणसं बागेत रूळ टाकून खेळण्याएवढी आगगाडी फिरवतात. फुलझाडांमधून, छोट्या पुलांवरून. आमच्या परसात फुलझाड म्हणजे बायकोचा मोगरा, बाकी शेवगा, कढीपत्ता आन् वांग्याचे चार वाफे. मी आलेख-वहीच्या कागदावर नकाशा काढला. गणिताचा मास्तर दुसरं काय काढणार, गोल काढला! मोबाईलवरही सगळ्यांच्या गाड्या गोलच फिरत होत्या.

परभणीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडं लोखंडी पट्टीचे रूळ करून घेतले. दोन रुळांत एक वीत अंतर. आरा मशीनवरून रुळांखाली आडवे घालायला बाभळीचे स्लीपर कापून आणले. प्रत्येक स्लीपरला चावी पाहिजे, हातोड्यानं ठोकता येईल अशी, म्हटल्यावर वेल्डिंगवाला हसायला लागला. "सर, डायरेक वेल्डिंग मारून देतो की. जल्मभर हालनार न्हाई. चाव्या कशाला?"

"हलायलाच पाहिजे बाबा," मी म्हटलं. "हललं न्हाई तर आमचा मुकादम काय करील?"

इंजिनाला भंगारातल्या जीपची वायपरची मोटर आन् फवारणी पंपाची बॅटरी. वर पत्र्याचं खोकं, लाल रंग. बायको म्हणाली, "इंजिन हाय का टरंक?" म्हटलं, तुझ्या लग्नातली ट्रंकच कापतो, थांब. वैशाखात जमीन भेगाळलेली असते, त्या काळ्या मातीवरच फावड्यानं सपाट करून मी लाईन टाकली. दोन महिने गेले या सगळ्याला. तोवर बाला रोज सकाळी मी हाताला धरून रुळाच्या उलट्या बाजूला फिरवून आणायचो, आन् तो रोज विचारायचा, साहेब, आपून कुठं चाललो?

लाईन झाली त्या सकाळी मी पुढचं दार लावून घेतलं आन् मागचं उघडलं. बा हातात पान्हा घेऊन उंबऱ्यावर आला आन् थबकला. मग चपला काढल्या. उकिडवा बसला, एक डोळा झाकला, गाल मातीला लागेल एवढा वाकून रुळावरून नजर टाकली.

"ही कोनी टाकली?"

"मी टाकली."

त्यानं मला खालपासून वर न्याहाळलं. "नवा भरती झालास का?"

मी म्हटलं, "हाव, मुकादम."

"साहेबानं तुला काई शिकवल्यालं दिसत न्हाई. चल मागं."

आन् मी चाललो. साठी उलटलेला माणूस, बापाच्या मागं हातोडा घेऊन. टक, टक, टक. एक चावी, पुढची चावी. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून पदर तोंडाला लावून पाहत होती. मी आतून इतका खूश होतो की बस्स.

ती खुशी साडेनऊपर्यंत टिकली. बाचा एक फेरा झाला, दुसरा झाला, दहावा झाला. मी म्हटलं, मुकादम, चहा घ्या. "बीट संपल्यावर." ऊन चढलं. मी म्हटलं, बसा जरा. "बीट संपल्यावर, म्हनलं ना." अकरा वाजता त्याचे पाय सुजून गोळे झाले तरी तो चालतोय, आन् मी मागून ओरडतोय, "आरं बस की आता! कुठं पळून चाललीय का लाईन?" शेवटी शेवग्याखाली त्याचा तोल गेला. मी धरला. धापा टाकत तो म्हणाला, "आजची बीट लय लांब हाय रं. टोकच येईना."

मी कपाळावर हात मारून घेतला. मोठा गणिताचा मास्तर! गोलाला टोक नसतं हे पोरांना जल्मभर शिकवलं, आन् बापाला त्याच्यावर चालायला लावलं. हौशी माणसाला गाडी फिरताना पाहायची असते, त्याला गोल चालतो. गँगमनला चालत जाऊन कुठंतरी पोचायचं असतं. त्याच दुपारी करवतीनं रूळ कापले. गोल तोडून लाईन उलगडली. एक टोक मागच्या दाराशी राहिलं, दुसरं घराला वळसा घालून पुढच्या फाटकाजवळ आलं. तिथं एक खांब रोवला, पांढरा-काळा रंगवला, शेजारी खुर्ची ठेवली. दुसऱ्या दिवशी बा खांबापाशी पोचला, खांबाला हात लावला, खुर्चीत बसला आन् म्हणाला, "झाली बीट. चहा सांग." असला चहा मी अजून प्यालो नाही.

इंजिनाकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. ते आलं की बाजूला व्हायचा, हात वर करायचा, गेलं की पुन्हा रुळाकडं.

आठवडाभरानं मोगऱ्याजवळची लाईन वर उचलली गेली. इंजिन तिथं आलं की कलंडायचं. मी चिडून पाहिलं तर बायको तिथंच बादलीनं पाणी घालतेय.

"आगं, काळ्या मातीवर रूळ हायेत! पाणी पिली की फुगती ती! बुडवलीस माझी लाईन!"

"तुमची लाईन काल आली," ती म्हणाली. "माझा मोगरा बारा वर्षांचा हाय. सरका तिकडं."

आमचं असं जुंपलेलं असताना बा मधे आला. उकिडवा बसला, डोळा झाकला आन् त्याचा चेहरा असा खुलला म्हणता! "फुगली! हितं फुगली आन् तितं बसली! मी म्हनलंच व्हतं, मुरूम न टाकता काळीवर लाईन टाकत नसतेत." त्या दिवसापासून त्याला खरंखुरं काम मिळालं. आमी मोगऱ्याजवळची लाईन उचलायचो, मुरूम पसरायचो, गिट्टी भरायचो, सबलीनं, म्हणजे लांब पहारीनं, ठासायचो. चार दिवसांनी बायको पाणी घालायची, लाईन पुन्हा फुगायची. नंतर नंतर ती मला विचारून घालायची, "घालू का आज? मामा मोकळे बसलेत."

सबल कशी धरायची ते त्यानं मला शिकवलं. माझ्या मागं उभा राहून माझ्या हातावर हात ठेवून. त्याच्या तळव्याचे घट्टे माझ्या बोटांना लागायचे. लहानपणी या हातानं मला एकदाच शिवलेलं आठवतं, ते मुस्कटात. आता तो माझ्या कानाशी हळू आवाजात सांगायचा, "जोर कंबरंतून लाव. हातानं न्हाई. घाई करू नको, गाडीला टाईम हाय." फडक्यातली भाकर मोडून अर्धी मला द्यायचा. लिंब नव्हता तर शेवग्याखाली. मी मनात म्हणायचो, बा, पन्नास वर्षं उशीर केलास रे. पण खायचो.

एकदा मला राहवलं नाही. गिट्टी भरता भरता म्हटलं, "बा, मी तुझा लेक हाय."

तो हसला. "यड्या, माझा लेक मास्तर व्हनार हाय. त्यो कशाला गिट्टीत हात घालील?" मग हसू थांबलं आन् तो संशयानं पाहायला लागला. "तुला कोनी पाठवलं? साहेबानं?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आन् फाटकाचे गज पुन्हा हलायला लागले. मी कानाला खडा लावला. लेक व्हायला गेलो तर बाप रुळावर जाईल. नवा गडी राहिलो तर बाप घरी राहील. मग नवाच गडी राहायचं ठरवलं.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी बीट संपली, आन् बा खुर्चीत बसला नाही. हातोडा माझ्या हातात दिला.

"तुला आता जमायलंय. आज मी लौकर सुटतो. घरी जातो."

मी फाटकाकडं पाहिलं. खांब मीच फाटकाशी रोवला होता! "घर कुठं हाय, मुकादम?"

"टेसनापल्याड, गँगच्या चाळीत. रुळारुळानं गेलं की आलंच. लेकरू शाळंतून येईल आता."

ती चाळ पाडून जमाना झाला. त्यानं फाटकाची कडी धरली. 'आरं हेच तुझं घर हाय' हे माझ्या जिभेवर आलं होतं, मोठ्यानं, रागानं. कुलपाची किल्ली खिशात होती. पण ते सालपटं निघालेले हात डोळ्यासमोर आले. मी राग गिळला. माझ्यासारख्याला ते काम गिट्टी भरण्यापरीस जड.

"मुकादम, मी सोडाया येतो."

आमी निघालो. गल्लीच्या तोंडाशी डावीकडं रुळाची वाट, उजवीकडं विहाराला वळसा. तो सवयीनं डावीकडं वळला. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. मी त्याचा दंड धरला, त्यानं झटकला. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण हाडात लोखंड. तेव्हा मला सुचलं, आन् तो परसात लाईन उचलताना त्याच्याकडूनच शिकलेला धडा होता.

"मुकादम, तिकडं लाल झेंडी लावलीय. काम चालू हाय."

तो जागच्या जागी थांबला. "आधी सांगायचं न्हाई का? लाल झेंडीपुढं पाऊल टाकत नसतेत." आन् निमूट उजवीकडं वळला.

विहारावरून, पिठाच्या गिरणीवरून, शेजाऱ्यांच्या ओसरीवरून आमी चाललो. तो दमला होता, माझ्या खांद्यावर भार टाकत होता. वळसा घालून पुन्हा आमच्याच फाटकाशी आलो. "आलं घर," मी म्हटलं. त्यानं घराकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं. मग पायरीवर पाय झाडले, अगदी घरच्यासारखे, आन् मला म्हणाला, "जा आता तू. तुझी बी मानसं वाट पाहत असतील."

मी गेलो. म्हणजे पळालो! घराला वळसा घालून, वांग्याचे वाफे तुडवत, रुळावरून उडी मारून, मागच्या दारानं आत. स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "आवं, काय झालं?" मी तिला हातानंच गप्प केलं. पुढच्या खोलीतून बाची हाक आली.

"आला का रं शाळंतून?"

किती वर्षांनी! मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

"आलो, बा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. भ्याला नाही. साहेब म्हणाला नाही. "पानी आन," म्हणाला. मी तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या आन् खाटेवर पाय वर घेऊन बसला.

"आमच्या गँगमधी एक नवा गडी आलाय," तो म्हणाला. "लय मन लावून करतोय. वय झाल्यालं हाय, पन वाकतोय. असा गडी मला मिळाला न्हवता आजवर. शाब्बास म्हनावं असा."

मी खाली त्याच्या पायाशी बसलो. "मंग म्हनलास का त्याला?"

"छ्या! तोंडावर म्हनलं की मानूस बिघडतो." मग माझ्याकडं पाहून हसला. "तू नको मनात आनू. तुला ते न्हाई जमायचं. तू आभ्यास कर."

"हाव, बा," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज तसंच चाललं. बीट संपली की गड्यानं मुकादमाला विहारावरून वळसा घालून घरी सोडायचं, मागच्या दारानं पळत जायचं आन् लेक होऊन पाणी द्यायचं. रुळावर बा पुन्हा कधी गेला नाही. मागच्या थंडीत तो गेला तो घरी, खाटेवर, दुपारचं पाणी पिऊन. लेकाला तो रोज त्या गड्याचं कौतुक सांगायचा. गड्याला मात्र शेवटपर्यंत तोंडावर काही म्हणाला नाही, आन् मी रोज बीटच्या टोकाला हातोडा खाली ठेवून तो म्हणेल म्हणून थांबायचो.